पाल्याला काडी लावू नका



वसंत पंचमी होऊन गेली. थंडीने काढता पाय घेतला, आणि आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सध्या एक काम जोरात चाललंय. अंगण झाडायचं, सागाचा, आंब्याचा, चिकूचा पाला कोपऱ्यात ओढायचा आणि काडी लावायची. सकाळी आशागडहून गंजाडच्या बाजूला निघा, घरांमागे धूर दिसतोच. मला सांगितलंय, उन्हाळी परसबागेवर बोला, कमी पैशात ती कशी करायची ते सांगा. बोलते. पण आधी हातातली काडी खाली ठेवा.

माझं सगळं बोलणं या पाल्यापाशीच घोटाळणार आहे, हे आत्ताच सांगून टाकते. दुधी कुठे चढवायचा, काकडीचं आळं केवढं करायचं, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. तुमच्या आजीने शिकवलंय. आजी सांगायची विसरली ती गोष्ट पाल्याची. विसरली म्हणजे काय, तिच्या वेळी विहिरीला वैशाखातही पाणी असायचं, तिला गरज पडली नाही.

आपल्याकडे वर्षाला २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऐकून देशावरचे लोक हेवा करतात. पण तो सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडून, डोंगरउतारावरून धावत समुद्राला मिळतो. मागे राहते आपली तांबडी, मुरमाड माती, जिच्यात पाणी ठरत नाही. सूर्या नदीच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या बांधाला लागतं, त्यांचं बरं चाललंय. धामणी धरणाचं पाणी नळातून वसई-विरारपर्यंत पोचतं, वरच्या पाड्यावरची बाई मात्र फाल्गुनात हंडा घेऊन उतरते आणि चढते. तिने आणलेल्या हंड्यातला तांब्याभर उरला तर तो काकडीला. तो तांब्या उन्हाने प्यायचा की काकडीने, एवढाच प्रश्न आहे.

भात शिजवताना तुम्ही काय करता? आधण आलं, तांदूळ वैरला, पाणी आटत आलं की झाकण ठेवता आणि जाळ ओढून घेता. झाकण नसलं तर काय होतं? वाफ उडून जाते, वरचा तांदूळ कच्चा, खालचा लागलेला. मग पुन्हा पाणी घाला, पुन्हा लाकूड सारा. पाणी गेलं, लाकूड गेलं आणि भातही धड नाही. उन्हाळ्यात उघडी ठेवलेली वाफ्यातली माती म्हणजे हा बिनझाकणाचा भात. वरून ऊन, आत ओल, मध्ये काहीच नाही. तुम्ही संध्याकाळी पाणी घालता, दुसऱ्या दिवशी दुपारी बोट खुपसा, कोरडं. आणि झाकण? झाकण तुम्ही सकाळीच जाळलंत.

पाला हेच ते झाकण. वेलाच्या आळ्यात, वांग्या-मिरचीच्या ओळीत चार बोटं जाडीचा सुका पाला पसरा. तो बसून दोन बोटं होईल, मग वर आणखी घाला. माती गार राहते, ओल टिकते, तण कमी उगवतं, खुरपणी वाचते. पाणी रोज लागत असेल तिथे एक दिवसाआड पुरतं का, ते तुमचं तुम्हीच बोट खुपसून बघा. रेडिओवरच्या बाईवर विश्वास ठेवू नका, बोटावर ठेवा.

पण झाकण कधी ठेवायचं, हेही कळायला हवं. पाणी आटायच्या आधी गच्च झाकलं तर भात उतू जातो. बी टाकल्या टाकल्या जाड पाला दडपलात तर कोंब वरच येणार नाही. आधी पाणी द्या, बी रुजू द्या, चार पानं फुटू द्या, मग पाला. तोवर ऊन फारच असेल तर पेंढ्याच्या चार काड्या आडव्या टाका, बस. कोरड्या मातीवरही पाला घालायचा नाही. रिकाम्या टोपावर झाकण ठेवून काय शिजणार? आधी आळं भरून पाणी, ते मुरू द्यायचं, मग पाला. आणखी एक. झाकण आपण जरा कलतं ठेवतो ना, तशी खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. पाला खोडाला चिकटला की तिथे ओल राहून खोड कुजतं, आणि मग तुम्ही म्हणणार, पाला घातला म्हणून वेल मेला. आणि दर घटकेला झाकण उचलून बघायची सवय असते एकेकीला, तीही इथे नको. पाण्यासाठी पाला बाजूला सारू नका, वरूनच घाला, खाली जातं.

कोंबड्यांचं काय, हे विचारणार मला माहीत आहे. त्या पाला उकरून अंगणभर करतात. टोपावर झाकण हलत असलं तर दगड ठेवतो की नाही? तशा बोरीच्या काटेरी फांद्या आठ-पंधरा दिवस वर टाका. पाला बसला की कोंबड्यांचा उत्साह मावळतो.

दुसरी तक्रार जनावराची. पाल्यात विंचू, फुरसं येतं. खरं आहे, हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. म्हणून ढीग दाराशी, कुडाला लावून करायचा नाही. पाला फक्त वाफ्यात आणि आळ्यात, आणि हात घालण्याआधी काठीने चाळवायचा. अंधारात तर हात घालायचाच नाही. वाळवीचं म्हणाल तर ती सुक्या, मेलेल्या वस्तूवर येते. पाला ओलसर ठेवला की तिचा त्रास कमी. घराच्या मेढीपासून मात्र तो लांबच हवा.

आता राखेवाल्यांकडे वळते. "राख खतच आहे ना, जाळलं तर बिघडलं काय?" असं मला आशागडच्या नाक्यावर बरेच जण ऐकवतात. राखेत पोटॅश राहतं, चुना राहतो, हे कबूल. पण पाल्यातला नत्र धुराबरोबर जातो, आणि जे सडून मातीला भुसभुशीत करणार होतं, तेही जातं. राख तुमच्या चुलीत रोज पडते, तिच्यासाठी अंगण पेटवायची गरज काय? चुलीतली राख चाळून ठेवा. काकडी-दुधीच्या कोवळ्या पानांवर तांबडे भुंगेरे बसतात, तेव्हा सकाळी दंव असताना चिमूटचिमूट भुरभुरवा. बियाण्याच्या डब्यात घाला. एवढ्याला चुलीची राख पुरते.

भाताच्या रोपासाठी राब भाजतात, ती गोष्ट निराळी. त्यात पाला, शेण, फांद्या, माती यांचे थर असतात, तणाचं बी जाळायचा हेतू असतो आणि पिढ्यांचा विचार असतो. त्यावरही वाद आहेत, पण त्यात आज शिरले तर बाहेर निघणार नाही. मी बोलतेय ते फक्त घरामागच्या पाल्याबद्दल.

वाणगावकडे मिरचीच्या शेतात गादीवाफ्यावर चंदेरी कागद अंथरलेला पाहिला असेल. मल्चिंग पेपर म्हणतात त्याला. गुंडाळी विकत आणायची, अंथरायची, भोकं पाडायची, आणि पीक निघालं की तो फाटका कागद कुठे टाकायचा ही पंचाईत. मोठ्या शेताचं गणित वेगळं असेल, मी त्यांना शहाणपण शिकवत नाही. पण ज्या झाकणासाठी ते पैसे मोजतात, ते तुमच्या दारात झाड फुकट टाकतंय. तेही दरवर्षी, नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर. झाडाला कळतं मुळाशी सावली कधी हवी ते, आपल्यालाच कळत नाही.

आपल्या शेजारचंच उदाहरण देते. गाडीने डहाणू रोड सोडलं की घोलवड, बोर्डी रोड आणि मग उमरगाव. त्या उमरगावजवळच्या देहरी गावात भास्कर सावे यांची कल्पवृक्ष नावाची वाडी आहे. सावेगुरुजी १९२२ सालचे, २०१५ मध्ये गेले. आधी शाळेत शिकवत, शेतीही सुरुवातीला रासायनिक खतांचीच करत. मग सोडली, आणि सुमारे १४ एकरांत चिकू, नारळ अशी वाडी उभी केली की जपानहून मासानोबू फुकुओका ती पाहायला आले. त्या वाडीत झाडाखालचा पाला झाडाखालीच राहतो. पाणी खोडाशी न घालता दोन ओळींमधल्या चरात सोडायचं, कारण पाणी पिणारी मुळं खोडापासून लांब पसरलेली असतात, असं गुरुजी सांगत. त्यांना २०१० मध्ये सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेने जीवनगौरव दिला. आता बघा, समुद्र तोच, हवा तीच, पाऊस तोच, चिकूही तोच. त्या चिकूला आपल्या डहाणू-घोलवडच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि आपण त्याच चिकूखालची जमीन खराट्याने चकाचक करतो, पाहुणे यायचे असल्यासारखी.

पाला मातीत खणून मिसळू नका, हे सांगायचं राहिलं. सुका पाला मातीत गाडला की तो सडवताना मातीतले जंतू नत्र स्वतःच वापरतात आणि रोपं पिवळी पडतात. वरच राहू द्या. खालून गांडुळं ओढून नेतील. इथे माझा भात मला सोडून जातो. भात शिजला की आपण झाकण काढतो, घासून ठेवतो. हे झाकण पावसाळ्यापर्यंत भातातच मुरून जातं. काढायचं नाही, घासायचं नाही.

ज्यांच्या दारात झाड नाही त्यांनी काय करायचं? पेंढा मागू नका, तो गुरांचा. भातगिरणीतलं तूस मिळतं का बघा. केळीची वाळलेली पानं, नारळाच्या झावळ्या चिरून, उपटलेलं तण, पण बी धरायच्या आत उपटलेलं. आणि शेजारणीला सांगा, तू जाळणार आहेस तो पाला मला दे. ती हसेल. हसू दे.

पाल्याखेरीज आणखी दोन-तीन फुकटच्या गोष्टी. मोरीचं पाणी केळीला आणि अळवाला सोडाच. तडा गेलेला माठ टाकू नका. दोन वेलांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, भरून ठेवा, आणि त्याच्यावरही खापर झाका. तो झिरपत राहतो, मुळं त्याच्याकडे येतात. मिरचीची रोपं करवंटीत करा. डोळा फोडला की खालून पाणी निघून जातं, पिशवी विकत आणायला नको.

वेळ थोडा उरलाय आणि मला समोरून खूण होतेय. या आठवड्यात काकडी टोकलीत तर दीड-पावणेदोन महिन्यांत तोडायला येते, म्हणजे चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची जत्रा भरेल तेव्हा घरची काकडी असेल. दापोलीच्या विद्यापीठाचं शीतल काकडीचं, कोकण तारा कारल्याचं बी चांगलं. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पाकिटावर संकरित लिहिलं असेल तर पुढच्या वर्षासाठी त्याचं बी धरू नका, ते जसंच्या तसं उतरत नाही. गावठी दुधी मात्र एक वेलावरच वाळू द्या, पहिल्या बहरातला, शेंड्याचा नको, आणि तो चुलीच्या वर टांगताना देठाकडून—

बरं, टांगायचं पुढच्या वेळी. कारल्याचं बी कठीण असतं, ते रात्रभर भिजत घाला. आज संध्याकाळी आळी भरा, आणि झाडलेला पाला कोपऱ्यात नाही, आळ्याशेजारी ओढा.