साठ्याच्या वहीतील शून्य

(एका तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या महिन्यात माझ्याकडे एक गृहस्थ आले होते. तीन एकर बागायत जमीन, मुलगा संख्याशास्त्राचा पदवीधर. ते म्हणाले, "साहेब, पोरगं म्हणतंय परदेशात जाऊन सप्लाय चेन ॲनालिटिक्समध्ये एम. एस. करायचं. त्यासाठी जमीन गहाण टाकावी लागेल. तिथं शिकवतात तरी काय, एवढं मला सांगा." हा प्रश्न आता खेडोपाडी विचारला जाऊ लागला आहे आणि तो प्रथम येतो तो शाळेतील गुरुजींकडे वा पंचायतीतील जाणत्या माणसाकडे. म्हणून आजच्या भाषणास मी हाच विषय घेतला आहे. ही पदवी मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी, नोकरी सांभाळून घेतली. तेव्हा जे सांगतो ते अनुभवाचे आहे.

माल जेथे तयार होतो तेथपासून तो वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत जितके हात लागतात, त्या साऱ्यांस मिळून पुरवठा साखळी म्हणतात. या साखळीत कोठे, केव्हा आणि किती माल असावा हे गणिताने ठरविण्याची विद्या म्हणजे तिचे विश्लेषण. नाव नवे असले तरी विद्या तशी जुनी आहे. एका वेळी किती माल मागवावा याचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 साली मांडले. हा गृहस्थ महाविद्यालयाची पायरी चढलेला नव्हता, हे येथील विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. मर्यादित साधनांची वाटणी कमीत कमी खर्चात कशी करावी याची रीत जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 साली दिली. आजचा विद्यार्थी हेच सारे संगणकावर करतो. त्यास संभाव्यता, संख्याशास्त्र, लिनिअर प्रोग्रॅमिंग, पायथनसारखी एखादी संगणकभाषा आणि मागणीचे अंदाज बांधण्याच्या रीती शिकाव्या लागतात.

पण या शिक्षणाचे मर्म सूत्रांत नाही. एमआयटी या अमेरिकेतील संस्थेत 1960 च्या सुमारास एक खेळ तयार झाला. तो आजही या विषयाच्या वर्गांत खेळला जातो. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखानदार असे चौघे बसतात. त्यांनी एकमेकांशी बोलावयाचे नाही, केवळ मागणीची चिठ्ठी पुढे सरकवावयाची. गिऱ्हाइकाची मागणी सबंध खेळात एकदाच बदलते, चारावरून आठावर जाते. तेवढ्याने कारखानदाराकडे मागणीचा पूर येतो आणि मग अनेक आठवडे काहीच येत नाही. खेळ संपल्यावर प्रत्येक जण शेजाऱ्याला दोष देतो. मीही दिला होता. मग गिऱ्हाइकाच्या मागणीचा आलेख फळ्यावर काढला जातो आणि वर्ग काही वेळ गप्प होतो.

आता एक लहानसे गणित करू. शिक्षकांनी ते वर्गात करून पाहावे. समजा, एका आरोग्य केंद्रात एका औषधाच्या आठवड्यास सरासरी 100 गोळ्या लागतात आणि त्यात साधारण 20 चे प्रमाण विचलन आहे. मागणी नोंदविल्यापासून माल बरोबर चार आठवड्यांनी येतो. तर शंभरांपैकी 95 वेळा औषध कमी पडू नये यासाठी 400 गोळ्यांच्या वर 66 गोळ्या राखीव ठेवल्या म्हणजे पुरे. आता एवढाच बदल करा की माल सरासरी चारच आठवड्यांनी येतो, पण त्याचा नेम नाही. कधी तीन, कधी पाच, म्हणजे एका आठवड्याचे विचलन. तेवढ्याने राखीव साठा 66 वरून 177 वर जातो. रुग्ण वाढले नाहीत, सरासरी मुदत वाढली नाही, केवळ गाडीचा नेम गेला. आणि कोठारात जवळजवळ तिप्पट राखीव माल पडून राहू लागला. गोदाम अपुरे पडते म्हणून नवे गोदाम मागणाऱ्यांनी आधी गाडीच्या तारखा तपासाव्यात, असे माझे मत आहे.

यानंतर माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पदवीसाठी प्रकल्प करावा लागतो. मी काही आरोग्य केंद्रांच्या औषधसाठ्याचा घेतला होता. प्रत्येक केंद्राच्या वहीतील दरमहाचा खप घेतला, त्यावरून पुढील मागणीचा अंदाज बांधला आणि कोणास किती पाठवावे याचा तक्ता केला. तक्ता देखणा होता. परीक्षकांनी वाखाणला आणि तेथील अधिकाऱ्यांनी तो काही महिने वापरूनही पाहिला. त्या काळात एका दूरच्या केंद्रातील औषधनिर्मात्या बाईंनी मला गाठून विचारले, "आमच्याकडे गोळ्या दर महिन्याला वीस तारखेला संपतात. तुमच्या तक्त्यात आमचा वाटा आणखी कमी का झाला?"

मी वही उघडली. वीस तारखेनंतर खपाच्या रकान्यात शून्ये होती. माझ्या गणिताने ती शून्ये 'गरज नाही' अशी वाचली होती. वस्तुतः त्यांचा अर्थ 'औषध नाही' असा होता. जे केंद्र लवकर रिकामे होई, त्याचा खप कमी दिसे. खप कमी म्हणून पुढच्या महिन्यात माल कमी जाई आणि ते आणखी लवकर रिकामे होई. मी केलेल्या तक्त्याने ज्यांस सर्वांत अधिक गरज होती त्यांचाच वाटा कापला होता. त्या महिन्यांत किती रुग्ण हात हलवीत परत गेले, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. ज्या दिवशी साठा शिल्लक होता तेवढेच दिवस धरून रोजचा खप काढावयाचा आणि वहीत आणखी एक रकाना आखावयाचा : 'आले, पण औषध न मिळता परत गेले'. भारतात 2015 पासून लसींच्या साठ्याची व शीतपेट्यांच्या तापमानाची नोंद ठेवणारी ईविन ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली. तिच्यामुळे साठा कोठे संपत आला आहे ते लांबूनही दिसते. परंतु परत गेलेल्या माणसाची नोंद दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यानेच करावी लागते. पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात किंवा शिधावाटप दुकानात असा रकाना आहे काय, हे एकदा पाहून यावे.

आता त्या गृहस्थांच्या जमिनीकडे वळतो. मी त्यांना सांगितले की, कर्जाच्या कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी मुलाला सहा महिने घरी बसून हा विषय शिकू द्या. एमआयटीने पुरवठा साखळीचे पाच अभ्यासक्रम इंटरनेटवर खुले केले आहेत. त्यांतील पहिल्याचे नावच सप्लाय चेन ॲनालिटिक्स असे आहे. ऐकण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क. ते गणित त्यास गोड लागते की नाही, हे तेथेच कळेल. दुसरे, परदेश हाच एक मार्ग नव्हे. मुंबईत पवईला 1963 साली स्थापन झालेली नीटी ही संस्था 2023 मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था झाली. उत्पादन व पुरवठा व्यवस्थापनाचे शिक्षण हाच तिचा मूळ पिंड आहे. तिसरे, जावयाचेच असेल तर अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पुष्कळदा तिची माहिती मुदत उलटल्यावर गावात पोहोचते. हीही एक पुरवठ्याचीच साखळी आहे, आणि तिच्यातील शेवटचा दुवा आपण शिक्षक आहात.

ते गृहस्थ परवा पुन्हा आले होते. मुलाचे दोन पाठ झाले आहेत, तिसऱ्यात अडला आहे, असे म्हणाले. सातबारा अजून त्यांच्याच पेटीत आहे. मुलाला रविवारी माझ्याकडे पाठवा, असे मी सांगितले आहे. तिसरा पाठ संभाव्यतेचा आहे आणि तेथे मीही अडलो होतो.