रेतींतलें पीक आणि त्याचें खत

नागपूरच्या आसमंतांतील काळी जमीन श्रोत्यांच्या परिचयाची आहे. घातलेलें खत ती बरेच दिवस सांभाळते. परंतु तिच्याच शेजारीं, कन्हान व वैनगंगा यांच्या पात्रांत, निव्वळ रेतीवरहि पीक काढलें जातें. पावसाळा सरून पाणी ओसरलें कीं ढीवर समाजाचीं कुटुंबें तेथें डांगरवाड्या लावतात. उन्हाळ्यांत शहराच्या बाजारांत टरबुजें व खरबुजें येतात, तीं अशा वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या येत आलेलीं आहेत.

खताच्या दृष्टीनें रेती म्हणजे गळकें भांडें होय. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें अमोनियम व पालाश हीं धनभारित द्रव्यें त्यांना चिकटून राहतात. रेतीचे कण मोठे असल्यामुळें त्यांना ही शक्ति जवळजवळ नाहीं. नत्राचें नायट्रेट हें रूप तर चिकणमातीलाहि धरतां येत नाहीं. रेतींत चार घागरी पाणी अधिक पडलें तरी तें मुळांच्या खालीं उतरतें. स्फुरद मात्र त्या मानानें जागचें फारसें हलत नाहीं.

म्हणून वाडीवाला सगळ्या रेतीला खत घालीत बसत नाहीं. ओल लागेपर्यंत तो खड्डे खणतो, त्यांत कुजलेलें शेणखत भरतो आणि तेथेंच बीं लावतो. येथें शेणखताचें पहिलें काम पाणी धरून ठेवण्याचें. अन्न पुरविण्याचें काम दुसरें. ढेपेंतील नत्र प्रथिनांत बांधलेलें असतें व जंतूंनीं कुजविल्यावर थोडें थोडें सुटतें. अमोनियम सल्फेट किंवा युरिया यांचा गुण त्वरित दिसतो, पण रेतींत तो फार दिवस टिकत नाहीं. तीं खतें द्यावयाचींच, तर अल्प प्रमाणांत व अनेक हप्त्यांनीं दिलीं पाहिजेत.

नत्र अधिक झालें तरी हानिच. वेल माजतो, पाला वाढतो आणि फळ उशीरां धरतें. युरोपांतील शर्करा-बीटाची कथा अशीच आहे. १७४७ सालीं बर्लिन येथें मार्कग्राफ या रसायनज्ञानें त्या कंदांत उसासारखीच साखर असल्याचें दाखविलें. पुढें अनुभव असा आला कीं, अतिरिक्त नत्रानें कंदाचें वजन वाढतें, पण त्यांतील साखरेचें प्रमाण घटतें. बीटाचा पूर्वज समुद्रकांठचा असल्यामुळें त्याला साधें मीठहि मानवतें. त्याच मिठानें इतर पुष्कळ पिकें करपतात. सारांश, खत निवडतांना जमीन आणि पीक या दोहोंचा स्वभाव पाहावा लागतो.

शहरवासीयांनाहि या प्रश्नाशीं कर्तव्य आहे. नागपूरला पिण्याचें पाणी पुरविणाऱ्या नद्यांपैकीं कन्हान ही एक. पात्रांतून निसटलेलें नत्र अखेर पाण्यांतच मिसळतें. शिवाय खुद्द रेतीच आतां दुर्मिळ होत आहे. बांधकामासाठीं तिचा उपसा चालतो, आणि १९८८ सालीं पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याखालीं वैनगंगेचें बरेंच पात्र गेलें आहे. हातची वाडी गेली, म्हणजे रेतीला ओंजळ-ओंजळ खत देऊन पिकविण्याचें ज्ञानहि तिच्याबरोबर जाणार.

घरच्या कुंडींत रेती अधिक असेल तर गृहिणींनीं हाच नियम पाळावा: आधीं शेणखतानें ओल धरावी, मग खत द्यावें, आणि तें थोडें व वारंवार द्यावें.