एक काठी आणि चार विषय



'प्रकल्प' हा शब्द उच्चारतांच घरोघरीं कसली धांदल उडते, हें आपणांस सांगावयास नको. रात्रीं आठ वाजतां मुलाला आठवण होते, वडील कागदाच्या दुकानाकडे धांवतात, आई कात्री घेऊन बसते, आणि सकाळीं एक देखणा ज्वालामुखी किंवा जरीच्या किनारीचा रायगड शाळेंत दाखल होतो. मुलाचा वांटा बहुधा नांव घालण्यापुरताच. अशा वस्तूंना मी नांवें ठेवीत नाहीं. त्यांतल्या कांहीं खरोखरच सुंदर असतात. परंतु त्यांत शोधण्यासारखें कांहीं उरलेलें नसतें. उत्तर आधींच ठाऊक. राहतें तें रंगकाम.

मी पुण्यांत दहावींत शिकतें. गेल्या वर्षीं भूगोलाच्या बाईंनीं आम्हांस निराळेंच काम सांगितलें : गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंब्यानें उभी करा आणि तिची सांवली सर्वांत आंखूड केव्हां होते, तें वर्षभर टिपा.

घड्याळांतले बारा आणि काठीचे बारा एक नव्हत, हें पहिल्याच दिवशीं दिसलें. नोव्हेंबरच्या आरंभीं खरी मध्यान्ह १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास होते. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत ती १२ वाजून ४९ मिनिटांपर्यंत लांबते. आपलें घड्याळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाचें. पुणें त्याच्या पश्चिमेस साडेआठ अंशांहून कांहींसें अधिक. अंशाला चार मिनिटें धरलीं कीं सुमारें ३५ मिनिटांचा हिशेब लागला. उरलेली ओढाताण पृथ्वीच्या कललेल्या आंसाची आणि लंबवर्तुळाकार कक्षेची. १३ मेच्या सुमारास तर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सांवली काठीच्या पायाशींच नाहींशी होते. असाच दुसरा दिवस जुलैच्या अखेरीस असतो. पण त्या वेळीं पुण्याच्या आभाळांत सूर्य सांपडेल तर ना!

२१ मार्चच्या सुमारास मध्यान्हींची सांवली साडेतेहतीस सेंटिमीटर भरली. तिला काठीच्या लांबीनें भागून त्रिकोणमितीच्या कोष्टकांत पाहिलें, तों पुण्याचा अक्षांश, साडेअठरा, हातीं आला! भास्कराचार्यांच्या 'लीलावतीं'त शंकूच्या छायेचें स्वतंत्र प्रकरण कां आहे, तें त्या दिवशीं कळलें.

मग इतिहास. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. एकाच शहरांत दोन वेळा! हें वाचून मला हंसूं आलें. पण काठीशीं ताडून पाहतां मुंबईकरांचा हट्ट सूर्याच्याच बाजूचा होता.

सर्वांत अधिक रमलें मी मराठीच्या वहींत. घड्याळाविना वेळ सांगणारे शब्द वाड्यांतल्या वृद्ध बायकांकडून मीं गोळा केले : झुंजुमुंजु, रामप्रहर, टळटळीत दुपार, कातरवेळ, तिन्हीसांजा, दिवेलागण. प्रत्येकीचा शब्द निराळा आणि प्रत्येकीचा आग्रहही.

या कामाला आकर्षक आवरण नव्हतें. प्रदर्शनांत काठी काय मांडणार? तरीही माझें मत असें आहे कीं, प्रकल्पाचे गुण मुखपृष्ठाला न देतां डागाळलेल्या टिपणवहीला द्यावे; तिच्यांत आईवडिलांचें हस्ताक्षर सहसा शिरत नाहीं.

काठी अद्याप गच्चीवर उभी आहे. कातरवेळ आधीं कीं दिवेलागण आधीं, याविषयींचा माझ्या आजीचा आणि शेजारच्या मावशीआजींचा वाद मात्र मिटलेला नाहीं. मीं वहींत दोन्ही मतें लिहून ठेवलीं आहेत.