निळी गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘उपवर मुलामुलींचे प्रश्न’ या विषयावर मला बोलावयाचे आहे. हल्ली मोबाईलवर तरुण मुले ‘निळी गोळी’ असा शब्द वापरतात. १९९९ साली निघालेल्या ‘द मॅट्रिक्स’ या इंग्रजी चित्रपटात नायकापुढे दोन गोळ्या ठेवतात. निळी घेतली तर सुखाच्या भ्रमात राहावयाचे, लाल घेतली तर कटू सत्य पाहावयाचे. ‘मनाने चांगला राहा, योग्य मुलगी आपोआप मिळेल’, ही या मुलांच्या मते निळी गोळी. ‘मुलींना रूप आणि पैसा एवढेच हवे’, हे लाल गोळीचे सत्य!

निळी गोळी आपल्याला नवी नाही. लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, लग्न झाले की प्रेम आपोआप येते, पदरी पडले पवित्र झाले, ही तीच गोळी. रडणाऱ्या मुलीला थोपटण्यास ती सोपी पडते. मात्र तिला काय हवे, हे विचारावयाचे राहून जाते.

पण म्हणून लाल गोळी खरी ठरत नाही. आपल्या खेड्यांत तिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे शेतकरी मुलगे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर अशा तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. त्यांचे दुःख खरे आहे. पण त्याचा दोष मुलींच्या माथी का? पावसावरच्या शेतीत आईने काय सोसले, हे मुलगी लहानपणापासून पाहते. तिने मिळकतीची चौकशी केली, तर तो लोभ नव्हे, शहाणपण आहे. शिवाय जो शेतकरी मुलासाठी सून शोधतो, तोच लेकीसाठी नोकरदार जावई पाहतो!

आणखी एक हिशेब आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. ती मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत. ज्या मुली आपण जन्मूच दिल्या नाहीत, त्या सुना म्हणून कोठून येणार?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. मुलगी अठरा व मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत स्थळाचे नावही काढू नये. पुढे दोघांना वडीलधाऱ्यांवाचून निवांत बोलू द्यावे. मिळकत, कर्ज, आजार यांपैकी काही लपवू नये. मुलीचा होकार तिच्याच तोंडून ऐकावा आणि तिने ‘नको’ म्हटले तर तेथेच थांबावे. मुलग्यांना भाकरी थापावयास आणि नकार पचवावयास शिकवावे.

समर्थ रामदास आपल्याच जिल्ह्यातील जांबचे. ‘सावधान’ हा शब्द ऐकून ते बोहल्यावरून निघून गेले, ही कथा आपण सर्वजणी जाणतो. कोणी पळून जावे असे मी म्हणत नाही. पण तो शब्द वरासाठी तसाच वधूसाठीही उच्चारलेला असतो, एवढे ध्यानी ठेवावे.