सुताची प्रकृती आणि माणसाची प्रकृती



मुंबईच्या कापडगिरण्यांसंबंधीचे जुने सरकारी अहवाल वाचू लागले म्हणजे त्यांत एक तक्रार वारंवार आढळते. इकडील कामगार जात्याच रेंगाळणारा आहे; यंत्रापुढे तो सलग उभा राहत नाही; विडी ओढण्याच्या किंवा पाणी पिण्याच्या निमित्ताने खात्याबाहेर पडतो, आवारातच बसून भाकरी खातो, प्रसंगी तेथेच न्हाव्यापुढे बसून हजामत उरकून घेतो. सरकारने नेमलेल्या फॅक्टरी लेबर कमिशनने १९०८ च्या आपल्या अहवालात या रेंगाळण्याची दखल घेतली आहे, आणि तरीही प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांना कायद्याने सरळ मर्यादा घालावी, हे त्यातील बहुसंख्य सभासदांना मान्य झाले नाही. डॉक्टर टी. एम. नायर या एका सभासदाने मात्र आपली भिन्नमतपत्रिका स्वतंत्र जोडली आणि तासांची मर्यादा आवश्यक आहे असे निक्षून सांगितले.

ही तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. कामगार रेंगाळत असे, हे खरेच आहे. परंतु ज्या काळाविषयी आपण बोलत आहो, त्या काळात गिरण्यांत विजेचे दिवे नुकतेच आले होते, आणि सूर्यास्ताबरोबर आपोआप थांबणारे काम, धंद्याला तेजी आली की, रात्रीपर्यंत लांबविण्याची सोय मालकांच्या हाती आली होती. १९०५ च्या सुमाराच्या तेजीत अनेक गिरण्या चौदा-चौदा तास चालत. पहाटेच्या अंधारात भोंग्याच्या आवाजासरशी चाळीतून निघालेला आणि रात्रीच्या अंधारात तिकडेच परतणारा मनुष्य चौदा तास यंत्राच्या गतीने काम करील, ही अपेक्षाच शरीरधर्माच्या विरुद्ध होती. जी विश्रांती नियमाने मिळत नव्हती, ती तो चोरून घेत होता. आणि त्या चोरून घेतलेल्या विश्रांतीलाच अहवालकारांनी त्याचा स्वभाव असे नाव दिले. मला ही त्या काळातील सर्वांत मोठी गैरसमजूत वाटते, आणि तिच्याविषयीच मी आज आपल्याशी बोलणार आहे.

या गैरसमजुतीचे उत्तर कमिशनच्याही पूर्वी, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या कामगारांच्या सभा भरवून दिले होते. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी त्यांनी जे निवेदन तयार केले, त्यातील मागण्या आज वाचताना त्या माणसाच्या दृष्टीची खोली जाणवते. रविवारी पूर्ण सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम चालावे, या मागण्या तर होत्याच. परंतु त्यांच्याच जोडीला, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा, आणि यंत्राने जायबंदी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, अशाही मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळण्यास १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. तिचे स्मरण आपण ठेवतो, ते योग्यच आहे; परंतु पगाराच्या तारखेची ती साधी दिसणारी मागणी माझ्या मते तितकीच मूलगामी होती.

ती का, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. महिनाभर काम करावयाचे, आणि त्याचा पगार पुढचा महिना निम्मा उलटेपर्यंत गिरणीच्या तिजोरीत अडकून राहावयाचा, असा रिवाज असला म्हणजे कोकणातून वा घाटावरून नव्याने आलेल्या गड्याने पहिला दीड महिना काय खावे? खानावळवाली बाई काही दिवस उधार घाली, वाणी घाली, आणि मग सावकाराची पायरी चढणे आलेच. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची जी पाहणी केली, तीत शेकडा ४७ कुटुंबे कर्जबाजारी आढळली. व्याजाचा नेहमीचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकताना तो किरकोळ वाटतो, परंतु वर्षाला तो शेकडा ७५ होतो. त्यातच नोकरी लावून देणाऱ्या आणि ती टिकवून ठेवणाऱ्या जॉबरची दस्तुरी, आणि विणकर असेल तर खराब निघालेले कापड त्याच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून वजा करण्याची पद्धत. म्हणजे गिरणीच्या वहीत लिहिलेला पगार आणि मजुराच्या घरात शिजणारा पगार यांत एवढी तफावत पडे की, पगारवाढीने कामगारावर काही परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्या मालकाला, ती वाढ कोणाच्या खिशात गेली, याचा पत्ताही नसे. याच पाहणीने असेही नमूद करून ठेवले आहे की, या कुटुंबांच्या आहारातील धान्याचे प्रमाण मुंबईच्या तुरुंगात कैद्यांना ठरवून दिलेल्या शिध्याहून कमी होते. ज्याच्या पोटाला कैद्याइतकेही अन्न नाही, त्याच्या अंगी उत्साह का नाही, असा प्रश्न विचारण्याचे धाडस आपल्याला होऊ नये.

आता हवेचा विचार करू. ताण्याचा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, वाफ सोडून हवा दमट ठेवीत. मुंबईच्या वैशाखात त्या वाफेने भरलेल्या, खिडक्या बंद केलेल्या शेडमध्ये, शेकडो साच्यांच्या खडखडाटात माणसे घामाने निथळत उभी असत. सुताची प्रकृती तेथे काळजीपूर्वक जपली जाई. माणसाच्या प्रकृतीसाठी मात्र तशी काही तजवीज नव्हती. नवी कांडी धोट्यात घातली की तिचा धागा धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर त्या छिद्राला तोंड लावून श्वास आत ओढी. दिवसातून असे कितीतरी वेळा, आणि प्रत्येक वेळी धाग्याबरोबर कापसाची धूळही छातीत जाई. कापूस पिंजण्याच्या कार्डिंग खात्यात तर ही धूळ हवेतच तरंगत असे. या धुळीने जो फुप्फुसाचा विकार जडतो त्याचे एक लक्षण मोठे बोलके आहे: रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर आल्यावर छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. मग सोमवारी खात्यात माणसे कमी का दिसतात, याचे कारण मुकादमाने आळस म्हणून लिहिले असेल, तर त्याने एका रोगाचा कागद हजेरीपटात नोंदविला, असेच म्हटले पाहिजे.

येथे एका परदेशी गिरणीची हकीगत सांगतो, कारण ती आपल्या गिरण्यांच्या प्रश्नाशी अगदी जुळते. १९२३ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराजवळच्या एका कापडगिरणीतील सूत काढण्याच्या खात्यात माणसेच टिकत नव्हती. इतर खात्यांत वर्षाला शंभरामागे पाच-सहा जण सोडून जात, तेथे या एका खात्यात शंभर जागा चालू ठेवण्यासाठी वर्षाला सुमारे अडीचशे माणसे नव्याने भरावी लागत. मालकांनी ठरावीक उत्पादनाच्या वर काम केल्यास जादा रक्कम देण्याची योजना करून पाहिली. परंतु त्या मर्यादेपर्यंत कोणी पोचेचना, आणि ती रक्कम कागदावरच राहिली. एल्टन मेयो या संशोधकाने तेथे जाऊन पाहिले, तर माणसे दिवसभर यंत्रामागे एकटी येरझारा घालीत होती, पाय भरून येत होते, मन उदास होत होते. त्याने सकाळी आणि दुपारी दहा-दहा मिनिटांचे विसावे सुचविले आणि त्या वेळी माणसांना चक्क आडवे पडू दिले. उत्पादन वाढले, आणि ती न मिळणारी जादा रक्कम प्रथमच हाती येऊ लागली. पुढे मागणीची घाई झाल्याबरोबर एका अधिकाऱ्याने विसावे बंद केले. लगेच उत्पादन पुन्हा घसरले. आणि गिरणीच्या प्रमुखाने ते पुन्हा सुरू करताच परत चढले. लोखंड्यांनी चाळीस वर्षांपूर्वी मागितलेल्या अर्ध्या तासाची उपयुक्तता सिद्ध करण्यास हे एवढे उदाहरण पुरेसे होते.

आपल्याकडील कायद्याने हे हळूहळू मान्य केले. १९३६ च्या वेतन अदायगीच्या कायद्याने हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्यांत सात दिवसांत, इतरत्र दहा दिवसांत पगार देणे बंधनकारक केले, आणि दंडाची मर्यादा रुपयाला अर्धा आणा ठरविली. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठेवले, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा दिला, अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उपाहारगृहाची तरतूद केली. परंतु कायदा ज्यांच्यापर्यंत पोचत नाही, अशी ठेकेदाराची माणसे आजही आपल्या आजूबाजूला आहेत; त्यांच्या पगाराला तारीख नाही, आणि त्यांच्या कामाचा विषय निघाला की तीच जुनी तक्रार ऐकू येते.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत एक निवृत्त साचेवाले राहत. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. विणकराची मजुरी कापडाच्या मापावर असे, हे मला त्यांच्याकडूनच प्रथम कळले. हलक्या कापसाचे सूत आले की ताणे तुटत, साचा वारंवार थांबे, आणि हात तोच, कसब तेच, मेहनत उलट दुप्पट, पण महिनाअखेर मजुरी कमी येई. हे सांगताना त्यांना जो संताप होई, तो कमी मिळालेल्या रुपयांचा तितका नसे. आपल्या हातात नसलेल्या दोषाची किंमत आपल्याला मोजावी लागते, हे त्यांच्या मनाला सलत असे. साच्यांच्या गोंगाटाने त्यांचे दोन्ही कान गेले होते. संध्याकाळी रेडिओवर कामगारांचा कार्यक्रम लागला की ते आवाज अगदी पुरता वाढवून त्याला कान लावून बसत, आणि शेजारची कोणी बाई आवाज कमी करायला सांगायला आली, तर आमची आजी तिला हळूच म्हणे, "राहू दे ग, त्यांना एवढंच ऐकू येतं."