समुद्रावरून न परतलेली माणसे

पावसाळा सरला की पालघर जिल्ह्यातील, विशेषतः डहाणू-तलासरीकडील तरुण उचल घेऊन पोरबंदर, ओखा येथील बोटींवर खलाशी म्हणून जातात. तारापूर-बोईसरचे कारखाने हाकेच्या अंतरावर असतानाही जातात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. सर क्रीकपुढील सागरी हद्द दोन देशांत आजही ठरलेली नाही. बोट पाकिस्तानी गस्ती नौकेच्या हाती लागली, की खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात आणि घरी पैशाबरोबर खबरही थांबते.

२००८ च्या करारान्वये दोन्ही देश दर १ जानेवारी व १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात सुटका व्हावी, असे त्यात नमूद आहे. प्रत्यक्षात वर्षे लोटतात. राष्ट्रीयत्वाची शहानिशा घरच्या पत्त्यावर पोलिसांमार्फत होते. खलाशाने सांगितलेले नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे आणि पाडा तिसऱ्याच नावाने नोंदलेला असला, तर कागद अडतो. म्हणून माणूस गाव सोडण्यापूर्वीच ग्रामपंचायतीने त्याचे दाखल्याबरहुकूम नाव, बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक आणि मालकाचा पत्ता एका वहीत उतरवून ठेवावा.