हातचा एक



गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका मावशींचा हप्ता ऑनलाइन हिशोबात दिसेना. वहीत सही होती, पैसे भरलेले होते, पण पडद्यावर शून्य. नोंदी करणारा म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटर चुकत नसतो." विड्यांचा हजारांचा हिशोब तोंडी करणारी ती बाई गप्प बसली. मीही गप्पच बसले. भांडायचं तरी कशाच्या जोरावर? तो डबा आतून काय करतो हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

माझी लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "आई, आपण त्याचा एक तुकडा जोडूनच बघू."

तिनं एक पांढरी प्लास्टिकची पाटी आणली, चाळणीसारखी भोकं असलेली. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. पूर्वी हौशी लोक पाव कापायच्या लाकडी पाटावर खिळे ठोकून रेडिओ जोडायचे, तेच नाव चिकटलं. आपल्याकडे सुरुवात झाली असती तर पोळपाट म्हटलं असतं. या पाटीवर डाख द्यावा लागत नाही. भोकात वायर खोचायची, चुकलं की उपसायची. एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात, आणि कडेच्या लांब पट्ट्या विजेसाठी. वीज म्हणजे फक्त ५ व्होल्ट, मोबाइलच्या चार्जरमधून मिळते तेवढीच. भिंतीवरच्या बोर्डात थेट वायर कुणी घालू नका, ते २३० व्होल्ट असतात.

पाटीवर दोन बटणं, दोन बारके दिवे आणि दोन काळ्या चिपा बसवल्या. पहिली ७४०८ नंबरची. तिची रीत आपल्या गटाच्या बँक खात्यासारखी आहे. अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही असेल तरच पैसे निघतात, तशी दोन्ही बटणं दाबली तरच तिचा दिवा लागतो. दुसरी ७४८६. ती जिन्यातल्या दिव्यासारखी, कुठलंही एकच बटण दाबलं तर दिवा लागतो, दोन्ही दाबली की विझतो.

पहिल्या संध्याकाळी गंमतच झाली. बटणाला हातसुद्धा लावला नव्हता आणि दिवा लागलेला! तासभर वायरी उपसल्या, पुन्हा खोचल्या. शेवटी लेकीच्या लक्षात आलं. बटण सोडलं की चिपचा तो पाय कुठंच न जोडलेला, लोंबकळत राहतो, आणि ही चिप लोंबकळत्या पायाला "हो" समजते. तिला "नाही" सुद्धा स्पष्ट सांगावं लागतं. मग त्या पायापासून वजा पट्टीला ३३० ओहमचा रोध जोडला, तेव्हा दिवा विझला.

आता बेरीज. एक बटण दाबलं, उजवा दिवा लागला. म्हणजे एक. दोन्ही दाबली, उजवा विझला आणि डावा लागला. मी म्हटलं, बिघडलं! लेक हसली. "आई, शाळेत नऊ आणि एक मिळवल्यावर काय करायचीस? शून्य लिहून हातचा एक." इथं नवापर्यंत थांबायचं नाही, एकाच्या पुढं लगेच हातचा. डावा दिवा म्हणजे तो हातचा. मिणमिणता होता, पण दिसला.

मला मात्र माझे वडील आठवले. ते अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर होते. सोलापुरी चादरीवरची नक्षी जकार्डवर निघते, पूर्वी त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असायची. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. हो किंवा नाही, एवढंच. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या माणसानं तो माग १८०४ च्या सुमारास केला. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी तीच पुठ्ठ्याची युक्ती घेतली, आणि एडा लव्हलेस नावाच्या बाईनं १८४३ साली त्या यंत्राला गणित कसं सांगायचं ते पायरीपायरीनं लिहून छापलं. यंत्र मात्र पूर्ण झालंच नाही. पुढं १९६९ ला माणसं चंद्रावर उतरली, त्या यानाच्या कॉम्प्युटरची स्मृती कारखान्यातल्या बायकांनी तारा ओवून बनवली होती. तार कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे मला कुणी शाळेत का सांगितलं नाही, कोण जाणे.

आमची पाटी म्हणजे पुरा कॉम्प्युटर नव्हे. त्याला स्मृती लागते, ठोके देणारं घड्याळ लागतं, अशा दहा-बारा पाट्या लागतात. तसा आख्खा जोडणारे हौशी लोक जगात आहेत. पण माझ्यापुरतं एक कळलं. दिव्याला बेरीज बरोबर करता येते, बटण कोणी दाबलं हे त्याला ठाऊक नसतं.

पुढच्या बैठकीत मी त्या माणसाला विचारलं, "नोंद कोणत्या तारखेला केली, कोणत्या खात्यावर, दाखवा." तो जरा रागावला, पण त्यानं उघडून दाखवलं. हप्ता त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या खात्यावर चढला होता. तिथल्या तिथं दुरुस्त करून घेतला, आणि मावशींनी त्याच्याकडून छापील कागदही मागून घेतला.

आता मी ती पाटी बैठकीला नेते. मावशींना बटण दाबायला आवडतं, पण सोडलं की दिवा विझतो हे त्यांना पसंत नाही. "सांगितलेलं लक्षात नको का ठेवायला?" म्हणतात. म्हणून लेकीनं ७४०२ नंबरची चिप आणली आहे. तिच्यातली दोन दारं एकमेकांना बांधली की बटण सोडल्यावरही दिवा तसाच राहतो. येत्या रविवारी बसून तेच जोडणार आहोत.